पेशंटजवळ कोण थांबणार? रात्री-बेरात्री दवाखान्यात धावताना घरच्यांनी काय करायचं

आमच्या ग्रामीण रुग्णालयात रात्री एक डॉक्टर, एक सिस्टर आणि एक मावशी असायची. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चाळीस माणसं उतरायची, त्यात पेशंट एक. सगळे एकदम आत. कोणी पाय धरलेत, कोणी डोकं, कोणी रडतंय, कोणी पुढाऱ्याला फोन लावतंय. "कधी चावला? काय पाजलं? शुगरची गोळी चालू आहे का?" असं विचारलं की चारी बाजूंनी वेगवेगळी उत्तरं. जिला खरं माहीत असतं ती बायको सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून उभी.

सव्वीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत नर्स होते, यवतमाळ आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घ्यायची. तेच बरोबर आहे असं आम्हाला शिकवलं होतं. आता माझं मत वेगळं आहे. बाकी सगळ्यांनी बाहेर जावं, पण घरच्या एका माणसानं आत, पेशंटजवळ थांबावं. ते माणूस कोण, हे गाडीतून उतरण्याआधी ठरलेलं असावं. हा लेख त्या एका माणसासाठी आहे. ज्याच्यावर ही वेळ पहिल्यांदाच येईल त्याच्यासाठी, म्हणून घरापासूनच सुरुवात करते.

आधी घरात

एक प्लास्टिकची पिशवी घ्या आणि दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवा. त्यात घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं आणि रेशन कार्ड यांच्या झेरॉक्स, जुने केस पेपर, चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं. घरात कोणाला सिकलसेल, म्हणजे रक्ताचा तो आनुवंशिक आजार, असेल तर त्याचं कार्ड याच पिशवीत. आपल्याकडे, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या बाजूला, सिकलसेलचे पेशंट पुष्कळ आहेत. अंगदुखीनं तळमळणाऱ्या पोराला नुसतं दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं जाऊ नये, यासाठी ते एक कार्ड पुरतं.

भिंतीवर खडूनं मोठ्या आकड्यांत १०८ आणि १०२ लिहा. १०८ ही तातडीच्या कोणत्याही पेशंटसाठी, २०१४ पासून राज्यभर फुकट धावते आणि तिच्यात डॉक्टर असतो. १०२ गरोदर बाई, बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी. त्याखाली आशाताईचा, पोलीस पाटलाचा आणि गावात रात्री गाडी काढणाऱ्याचा नंबर. मेळघाटात किंवा भामरागड-एटापल्लीकडे राहत असाल तर आणखी एक गोष्ट घरातल्या पोरांना दाखवून ठेवा: फोनला रेंज कुठल्या टेकाडावर येते ती जागा. ती जागा रात्री अंधारात शोधायची वेळ येऊ नये.

माणूस कोण निवडायचं

आपल्याकडे रीत अशी की घरातला मोठा माणूस पुढे होतो. सासरे, मोठेबाबा, नाहीतर गावातला चार लोकांत बोलणारा. मान द्यायला ते ठीक आहे, पण पेशंटजवळ थांबायला हे माणूस नेहमीच योग्य नसतं. मी तीन गोष्टी बघायला सांगते. पहिली, काय घडलं हे त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं किंवा पेशंटच्या औषधपाण्याची त्याला माहिती असावी. दुसरी, रक्त पाहून त्याला चक्कर येत नसावी आणि त्यानं दारू घेतलेली नसावी. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची: पेशंटला ते माणूस जवळ हवं असावं.

पेशंट शुद्धीवर असेल तर त्यालाच विचारा, "कोण थांबू तुह्याजवळ?" बापाचं नाव घेईल असं सगळ्यांना वाटत असतं आणि तो मित्राचं नाव घेतो. घेऊ द्या.

बाई पेशंट असेल तर सोबत बाईच असावी. पुरुष डॉक्टर बाईला तपासत असताना दुसरी बाई हजर असणं हा रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेला हक्क आहे, तो मागायला लाजू नका. मात्र एखादीला सासरच्यांपैकी कोणीही जवळ नको असतं. ती तोंडानं म्हणत नाही, नजर फिरवते. सिस्टरनं "तुम्ही जरा बाहेर थांबा, मला हिच्याशी बोलायचं आहे" म्हटलं तर रागावू नका आणि लगेच बाहेर या.

पेशंट कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणारा असेल तर ज्याला दोन्ही बोली येतात तोच आत हवा. धारणीच्या भागातला एक म्हातारा छातीवर हात ठेवून काहीतरी एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. आम्ही ईसीजी काढायच्या तयारीला लागलो. नातू आत आला तेव्हा कळलं, तो बैलानं छातीत मारलं म्हणून सांगत होता. बरगडीचा मार आणि हार्ट अटॅक यांच्या औषधांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो नातू चौथीतला होता आणि तोपर्यंत त्याला कोणी दाराच्या आत येऊ दिलं नव्हतं.

निघताना

१०८ ला फोन केला की गाव, तालुका, फाट्यावरची खूण आणि चालू असलेला नंबर सांगा. फोन आपण होऊन ठेवू नका. एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर पाठवा, ड्रायव्हरची गाव शोधण्यातली दहा मिनिटं वाचतात. गाडीला फारच वेळ लागणार असेल आणि काळीपिवळी किंवा छोटा हत्ती दारात उभा असेल तर त्याच लोकांना फोनवर विचारा, वाटेत कुठे गाठ घालायची.

गाडीत बसताना घटनेची वेळ तळहातावर पेनानं लिहून घ्या. घाईत वेळ हमखास विसरते. कागद हरवतो, हात हरवत नाही.

दारातली पहिली दोन मिनिटं

दवाखान्यात शिरताच आत थांबणाऱ्यानं पुढे यावं आणि एवढंच सांगावं: पेशंटचं वय, काय झालं, किती वाजता झालं, तेव्हापासून काय काय केलं, चालू गोळ्या कोणत्या, कोणत्या औषधाची रिअॅक्शन येते का. बाई असेल तर पोटुशी आहे का. बाकी हकीकत नंतर.

"काय काय केलं" यात लपवाछपवी नको. मांत्रिकाकडे नेलं होतं, कडुलिंबाचा पाला चारला, हळदीचं पाणी पाजलं, पायाला दोरी आवळली, भूमकाकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे, दोन तास बसवलं, सगळं सांगा. सिस्टर रागावेलही, मीही रागावायची आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण रागावल्यामुळे पुढच्या खेपेला माणूस खोटं बोलतो. तुम्ही मात्र खरंच सांगा.

विष घेतलं असेल तर पोलिसांच्या भीतीनं "चुकून पोटात गेलं", "ताप आला होता" असं सांगितलं जातं. विष, साप, अपघात, जळीत या सगळ्यांची नोंद एमएलसी म्हणून, म्हणजे पोलिसांना कळवायची केस म्हणून, होतेच आणि पोलीस येऊन जबाब घेतातच. पण त्यासाठी उपचार थांबत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ साली सांगितलं आहे की जीव वाचवणं आधी, पोलिसी कागद नंतर. आणि जीव द्यायला निघालेला माणूस मोठ्या मानसिक ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तेव्हा विषाचं नाव सांगा. डबा किंवा बाटली लेबलासकट सोबत आणा, तेवढ्यानं डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

पैशांची काळजी दारात करू नका. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

आत थांबायचं कसं मागायचं

हक्कानं ओरडून नाही आणि गयावया करूनही नाही. एका तरुणानं मला जे वाक्य म्हटलं होतं तेच देते, कारण ते ऐकल्यावर मला नाही म्हणता आलं नव्हतं: "सिस्टर, मी याचा भाऊ. मी त्या कोपऱ्यात उभा राह्यतो, काईच बोलत नाई. तुम्ही बाहेर जा म्हणसान तेव्हा जातो." यात सगळं आलं. कोण आहे, कुठे उभा राहणार, आणि जा म्हटल्यावर जाणार.

डॉक्टर नाही म्हणाले तर वाद घालू नका. जागा लहान असेल, चिरफाड चालू असेल, संसर्गाचा धोका असेल. दाराजवळ थांबा आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा शांतपणे विचारा. शेवटचा शब्द त्यांचा.

घरच्यांना आत घेण्याचा विचार आपण नव्यानं काढलेला नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फूट हॉस्पिटलात १९८२ पासून पेशंटच्या छातीवर दाब देणं चालू असताना घरच्यांना आत येऊ द्यायला सुरुवात झाली. फ्रान्समध्ये तर याची नीट तपासणी झाली. घरीच हृदय बंद पडलेल्या पेशंटचे ५७० नातेवाईक त्यात होते. काहींना उपचार बघायला थांबायचं का असं ठरवून विचारलं, बाकीच्यांच्या बाबतीत नेहमीची रीत ठेवली. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा ज्यांना विचारलं होतं त्यांच्यात भीतीचा आणि धक्क्याचा त्रास कमी निघाला. उपचारांत अडथळा आला नाही, डॉक्टरांवरचा ताण वाढला नाही, कोर्टकचेरीही झाली नाही. २०१३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हे छापून आलं. पॅरिसच्या घरात आणि आमच्या पुसदकडच्या वाडीत फरक आहे, हे मला ठाऊक आहे. तिथे घरात दोन माणसं असतात, इथे चाळीस. म्हणूनच मी एकाच माणसाचा आग्रह धरते.

कुठे उभं राहायचं आणि काय दिसेल

पेशंटच्या डोक्याजवळची जागा डॉक्टरांची, हाताजवळची सिस्टरची. तुमची जागा पायाकडे किंवा भिंतीला लागून. सलाईनच्या स्टँडला, ऑक्सिजनच्या नळीला धक्का लागणार नाही असं बघा. सिस्टरनं खूण केली की जवळ या, पेशंटचा मोकळा हात धरा, कानाशी वाकून त्याच्या रोजच्या हाकेच्या नावानं बोला. "मी हाओ इथं. दवाखान्यात आलो आपण. डॉक्टर साहेब हाये." एवढंच, पुन्हा पुन्हा. "काय करून बसलास रे" हे आता नको.

पाय थरथरायला लागले, कानात आवाज यायला लागला, घाम फुटला तर तिथल्या तिथे खाली बसा आणि "मला गरगरतंय" असं सांगा. यात कमीपणा नाही. उभ्यानं कोसळलात तर आमचे दोन पेशंट होतात.

जे दिसेल त्याची आधी कल्पना असली की भीती निम्मी होते, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. पेशंटचे कपडे कात्रीनं कापतात. नवी साडी, नवा शर्ट असला तरी कापतात, कारण हात-पाय हलवून कपडे काढण्याइतका वेळ नसतो. शीर सापडेपर्यंत दोन-तीनदा सुई टोचावी लागते. हात थंड पडलेले असले की शिरा दबतात, सिस्टरला येत नाही असं नसतं. घशात नळी टाकताना डोकं मागे करून जबडा उचलतात, ते मान मुरगळल्यासारखं दिसतं. सक्शनची मशीन घरघर आवाज करते आणि नळीतून लाळ, रक्त, उलटी ओढली जाते.

एकदा ऐन सलाईन लावताना लाईट गेली. जनरेटर सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं लागायची. मी सुई हातात घेऊन तशीच थांबले, आणि भिंतीला उभ्या असलेल्या बापानं खिशातला मोबाईल काढून लेकीच्या कोपरावर उजेड धरला. माझ्या डाव्या खांद्यावरून, माझ्या हाताची सावली पडणार नाही असा. तो गवंडी होता, दुसऱ्याच्या हाताला उजेड कसा द्यायचा हे त्याला सांगावं लागलं नाही. शीर मिळाली.

छातीवर दाब देणं बघायला सगळ्यांत जड जातं. हृदय थांबलं की छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल दाबतात. हळू दाबून उपयोग नाही. बरगडी मोडल्याचा कटकन आवाज येऊ शकतो. पोट हलतं, डोकं हलतं, तोंडातून फेस येतो. दाबणारा दोन मिनिटांत घामाघूम होतो आणि माणूस बदलतात. ही मारहाण नाही. थांबलेल्या हृदयाचं काम बाहेरून हातानं चाललेलं असतं. आणि खरं सांगायचं तर एवढं करूनही बरेच जण परत येत नाहीत. डॉक्टर "आता थांबवतो" म्हणतात तेव्हा सगळे उपाय झालेले असतात. आत थांबलेल्या माणसानं ते पाहिलेलं असतं, आणि बाहेर येऊन गावाला तो सांगतो, "त्याईनं काईच बाकी ठेवलं नाई." हे वाक्य आमच्यापैकी कोणी सांगून लोकांना पटत नाही, घरच्यानं सांगितलं तर पटतं.

साप आणि फवारणी

विदर्भात रात्रीचे आणि हंगामातले पुष्कळ जीवघेणे पेशंट या दोन कारणांनी येतात, म्हणून यावर जरा थांबते.

साप चावल्यावर हात किंवा पाय लाकडी फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, करकचून दोरी बांधू नका, चिरा देऊ नका, तोंडानं ओढू नका. साप मारून सोबत आणायच्या मागे लागू नका, त्यात दुसरा माणूस चावून घेतो. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. "रक्त काढून ठेवून दिलं, कोणी बघतच नाही" अशी ओरड इथेच होते. ती तपासणीच आहे. वीस मिनिटांनी रक्त गोठलं नाही तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका पक्की होते. मध्येच नळी हलवून बघू नका. सापाच्या विषाची लस सलाईनमधून सुरू झाली की काहींना थंडी वाजते, अंगावर गांध्या उठतात, दम लागतो. आत थांबलेल्यानं हे दिसताच सिस्टरला हाक मारावी, ते तुमचं मोठंच काम आहे. रिअॅक्शनवरचं इंजेक्शन तयार ठेवलेलं असतं.

मण्यारीचं वेगळं असतं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, खूण दिसत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलणं जाड होतं, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. अशा पेशंटचे डोळे मिटलेले असतात, बोट हलत नाही, पण त्याला ऐकू येत असू शकतं. त्याच्या उशाशी "गेला आता" म्हणून हंबरडा फोडू नका. त्याच्याशी बोला. श्वासाच्या मशीनवर ठेवून, लस देऊन, असे पेशंट काही दिवसांनी उठून घरी जातात.

फवारणीच्या विषात, म्हणजे कापसावरच्या औषधांत, तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला हे कळलं. वाटेत उलटी करवू नका, दूध-मीठपाणी पाजू नका. कपडे काढून अंग धुवा, धुणाऱ्यानं हातांत पिशव्या घालाव्यात. दवाखान्यात अॅट्रोपिन हे या विषावरचं औषध देतात. त्यानं बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, पेशंट बडबडतो, हवेत हात मारतो, आईला ओळखत नाही. "आणला तेव्हा शहाणा होता, यायनं पागल केला" असं मी किती वेळा ऐकलंय. औषध जास्त झालं की अशी बडबड सुरू होते, डोस बघून डॉक्टर कमी करतात आणि ती उतरते. तुम्ही जवळ बसा, हात हलके धरून ठेवा, सलाईन उपटू देऊ नका. बांधण्यापेक्षा ओळखीच्या माणसानं धरलेला हात पेशंट लवकर मानतो.

बाळंतपण, लहान मूल, आणि जळालेली बाई

सरकारी दवाखान्यात कळा देणाऱ्या बाईजवळ सोबतीण ठेवायला केंद्र सरकारनं २०१६ मध्येच परवानगी दिली आहे. जिचं स्वतःचं बाळंतपण झालेलं आहे आणि जिला संसर्गाचा आजार नाही, अशी बाई असावी. नवरा तिथेच थांबू शकतो जिथे पडदा-आडोसा नीट आहे. सोबतिणीनं पाठ चोळावी, पाणी द्यावं, धीर द्यावा. पोट दाबू नये. "जोर कर" म्हणायचं केव्हा ते सिस्टर सांगेल.

लेकराला आईच्या मांडीवर ठेवूनच बरीचशी तपासणी होते, आईला बाहेर काढलं की लेकरू आणखी रडतं आणि श्वास वाढतो. फिट आलेल्या पोराला कांदा-चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका, कुशीवर वळवा.

जळालेल्या बाईच्या बाबतीत एकच सांगते. तहसीलदार किंवा पोलीस तिचा जबाब घ्यायला येतात तेव्हा माहेरचं असो की सासरचं, कोणीही आत थांबायचं नाही. ती बोलण्याच्या स्थितीत आहे असं डॉक्टर लिहून देतात आणि मग ती एकटी बोलते. इथे "मला जवळ राहू द्या" हा आग्रह चुकीचा आहे.

बाहेरच्यांची कामं

बाहेरच्यांना काम दिलं नाही की ते दारावर ढकलाढकली करतात. एकानं केस पेपर काढावा. एकानं म्हाताऱ्यांजवळ बसावं. दोन धडधाकट माणसांनी रक्त द्यायची वेळ आली तर म्हणून तिथेच थांबावं. एकानं गावाच्या फोनांना उत्तर द्यावं. आतल्या माणसानं अर्ध्या तासानं बाहेर येऊन सगळ्यांना एकदाच काय चाललंय ते सांगावं.

मोबाईलवर शूटिंग करू नका. उघड्या अंगानं पडलेली तुमचीच आई गावाच्या ग्रुपवर जाते. आणि हात उगारणाऱ्यानं लक्षात ठेवावं की डॉक्टर-नर्सवर हल्ला केल्यास २०१० च्या राज्य कायद्याप्रमाणे ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे. रात्रीच्या एकट्या सिस्टरचे हात बाहेरच्या आरडाओरड्यानं थरथरतात, हेही सांगते. त्याच हातांना तुमच्या माणसाची शीर शोधायची असते.

माणूस गेला तर

आतल्या माणसाला थोडा वेळ मागू द्या. नळ्या काढून, अंग पुसून, चादर घालून झाल्यावर घरच्यांना दोन-दोननं आत सोडावं, हात लावू द्यावा. सिस्टर विसरली तर तुम्ही मागा.

साप, विष, अपघातात पोस्टमॉर्टेम टाळू नका. "चिरफाड नको" म्हणून देह घेऊन जातात आणि मग गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतले २ लाख रुपये कागदांवाचून अडतात. हे सांगणं त्या घटकेला निर्दयपणाचं वाटतं, तरी नात्यातल्या एखाद्यानं हळूच सांगावं. मागे राहिलेल्या बायकोला पेरणीच्या वेळी ते पैसे लागतात.

पुढे पाठवलं तर

यवतमाळला, सेवाग्रामला, नागपूरच्या मेडिकलला पाठवतात तेव्हा आत थांबलेलंच माणूस गाडीत बसावं, नवं नको. रेफरची चिठ्ठी, लसीच्या किती बाटल्या दिल्या आणि किती वाजता, हे सगळं त्याच्याजवळ. महात्मा फुले योजनेत असलेल्या दवाखान्यात पोचल्यावर आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचे कागद बघणाऱ्याचा, टेबल शोधा, या योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात.

१०८ सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. सोयाबीन काढणीचे दिवस, मण्यारीचा पेशंट, श्वास थांबत आलेला. आमच्याच गाडीतून निघालो. डॉक्टर साहेब सक्शन आणि इंजेक्शन बघत होते, तोंडावरचा मास्क मी दोन्ही हातांनी दाबून धरला होता, आणि हवेची बॅग दाबायला कोणाचा हात उरला नव्हता. त्याच्या धाकट्या भावाला मी म्हटलं, मनात पाचपर्यंत मोज आणि दाब, पुन्हा मोज आणि दाब, फार जोरात नको, छाती उचलली की सोड. रस्ता खड्ड्यांचा. तो मोठ्यानं मोजत होता. दीड तास त्यानं ती बॅग दाबली, एकदाही हात बदलला नाही.

पेशंट जगला. तीन आठवड्यांनी तो भाऊ दुपारच्या वेळी दवाखान्यात आला, दाराशी घुटमळत राहिला. मला वाटलं पेढे घेऊन आलाय. तो म्हणाला, "बाई, एक विचारू का? खड्ड्यात गाडी आदळली तेव्हा माह्या हातून दोनदा चुकलं. त्यानं त्याला काई झालं तं नसंन ना?" तीन आठवडे तो हेच घेऊन झोपत होता. मी त्याला बाकावर बसवलं, बॅग आणली, पुन्हा दाबून दाखवायला लावली, आणि एक-दोन श्वास चुकल्यानं काही बिघडत नाही हे समजावून सांगितलं.

आत थांबलेल्या माणसाला असा एखादा प्रश्न उरतोच. झोप लागत नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं. आठ-पंधरा दिवसांनी केस पेपर घेऊन या, ओपीडीची गर्दी ओसरल्यावर, साधारण बारा-साडेबारानंतर, आणि त्या रात्री ड्युटीवर कोण होतं ते विचारून त्याच सिस्टरला किंवा डॉक्टरांना भेटा. येणं जमत नसेल तर १४४१६ या टेलीमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी मदतीच्या, नंबरवर बोला, तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात.